सहाणेवर दिलेले ‘व्हय महाराजा’ परत घेणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
सागरवेळ कला व वाणिज्य महाविद्यालय,
रत्नागिरी.

अर्जदार : गंगाराम विठू भाटकर, वय ६३, निवृत्त टॅली क्लार्क, रा. उतारवाडी, मौजे शेवरखोल, जयगड खाडी, जि. रत्नागिरी.

विषय : एम. ए. भाग १ (आंतरराष्ट्रीय संबंध व राज्यशास्त्र) च्या प्रात्यक्षिकात केलेला सरावाचा तह खरा ठरल्यामुळे, तो मोडण्याकरिता विभागप्रमुख, विद्यार्थी व इतरांस दसऱ्याच्या दिवशी आमच्या गावी हजर राहण्याचे आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २ जून २०२५ चा अर्ज (उत्तर नाही). २) माझे दि. १४ जुलैचे स्मरणपत्र (उत्तर नाही). ३) दि. १८ ऑगस्ट रोजी आपल्या शिपायाने दिलेले तोंडी उत्तर : साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुम्ही अर्ज करा.

महोदय,

१) या प्रकरणात विभागप्रमुख डॉ. हर्षद नागवेकर यांना काय मिळणार होते ते आधी मांडतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. बावीस विद्यार्थ्यांचे प्रत्येकी चार श्रेयांक एकाच दुपारी उरकणार होते. महाविद्यालयाच्या स्वयंमूल्यमापन अहवालात ‘समाजाभिमुख उपक्रम’ नावाचा जो रकाना तीन वर्षे कोरा होता, त्यात एक ओळ पडणार होती. एक शोधनिबंध होणार होता. बढतीच्या फायलीला एक पुरवणी लागणार होती. आणि पेपरात फोटो. एकूण पाच नग. मी मुंबईच्या गोदीत एकोणीस आणि जयगडच्या बंदरात नऊ वर्षे जहाजावरून उतरणारा माल मोजला आहे, त्यामुळे नग मोजण्यात माझी चूक सहसा होत नाही. पाचही नग सरांना सुस्थितीत पोचले आहेत.

२) माझा लाभही लपवत नाही. माझी मुलगी कु. ऋतिका ही सदर वर्गात शिकते. तिला चांगले गुण मिळावेत हा एक लाभ. दुसरा असा की, मला एक प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यापुढे एक पुठ्ठ्याची पाटी मिळणार होती, जिच्यावर ‘परराष्ट्रमंत्री, उतारवाडी’ असे छापलेले होते. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याच्या मालावर टिकमार्क केली, त्याच्या डोक्यात अशा पाटीने काय होते ते आपण समजू शकाल. ती पाटी अजून माझ्या घरी आहे. बायकोने ती मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली आहे.

३) आता हकीकत. सदर अभ्यासक्रमात ‘वाटाघाटी व तह’ असा एक पेपर असून त्याचे प्रात्यक्षिक असते. आजवर ते वर्गातच होत असे. कागदी झेंडे लावून अर्धी मुले एक देश होत, अर्धी दुसरा, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत युद्ध टळत असे. यावर्षी प्रात्यक्षिक क्षेत्रीय पाहिजे असा नियम आला. तेव्हा सरांनी वर्गात विचारले की, कुणाच्या गावात दोन बाजूंचा एखादा वाद आहे का. ऋतिकाने हात वर केला. हात वर करणे ही आमच्या घरातली जुनी खोड आहे.

४) आमच्या शेवरखोलात उतारवाडी व बंदरवाडी अशा दोन वाड्या असून त्यांच्या मधोमध खाडीकाठी मासळी सुकवण्याचे एक खळे आहे. सारवलेले, चोपलेले, वाऱ्याच्या तोंडाशी. एक पंधरवडा उतारवाडी तेथे जवळा व मांदेली सुकवते, पुढचा पंधरवडा बंदरवाडी. याला कागद नाही. पाळीवरून अधूनमधून तोंडातोंडी होते, कुणाची तरी टोपली कुणीतरी बाजूला सरकवते, दोन दिवस एकमेकांकडे विडी मागत नाहीत, तिसऱ्या दिवशी मागतात. यालाच सरांनी आपल्या प्रस्तावात ‘किनारी संसाधनावरील प्रदीर्घ द्विपक्षीय संघर्ष’ असे म्हटले आहे. वाचून बंदरवाडीचे लोक खूश झाले. आपल्याला संघर्ष आहे हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते.

५) डॉ. नागवेकर यांचा प्रबंध पश्चिम आशियातील शांतता प्रक्रियेवर आहे. ती शांतता अद्याप झालेली नाही, पण तो दोष सरांचा नाही. त्यांचा विद्यार्थी गौरव याने तहाचा मसुदा पुस्तक समोर ठेवून तयार केला. त्यात कलम ४ असे आहे : ‘उतारवाडी राष्ट्र खळ्यावरील आपल्या पाळीचा हक्क बंदरवाडी राष्ट्राच्या बाजूने कायमचा सोडत आहे, त्याबदल्यात बंदरवाडी राष्ट्र उतारवाडीस सर्वाधिक प्राधान्याचा दर्जा देईल व उभय राष्ट्रांत सांस्कृतिक देवाणघेवाण होईल.’ मी गौरवला विचारले, बाळा, आम्ही सोडतो ते खळे दिसते. हा दर्जा कुठे वाळत घालायचा? तो म्हणाला, “काका, एका बाजूने मोठी सवलत दिल्याशिवाय विश्लेषण करायला काही उरत नाही. आणि हे नुसतं प्रात्यक्षिक आहे.” मी पाटीकडे बघितले आणि मसुदा त्याला परत दिला.

६) दि. १८ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी, दुपारी तीन वाजता महाविद्यालयाची बस सहाणेजवळ थांबली. सहाण म्हणजे ग्रामदेवतेची पालखी जेथे बसते आणि गावकी जेथे जमते तो चौथरा. सरांना सावली हवी होती आणि फोटोला मागे देऊळ हवे होते, म्हणून त्यांनी ती जागा निवडली. शाळेचे मैदान मोकळे होते, तसे मी सुचवलेही होते. सर म्हणाले, मैदानाला पार्श्वभूमी नाही.

७) येथून पुढचा भाग आपण कृपया सावकाश वाचावा. खुर्च्या मांडून झाल्यावर बंदरवाडीचे मानकरी श्री. बाबल्या गोविंद होडेकर पुढे आले व म्हणाले की, सहाणेवर कसलंही काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही, आधी नारळ ठेवूया. त्या वेळी एकच माणूस त्यांना थांबवू शकत होता, आणि तो परराष्ट्रमंत्री असल्यामुळे थांबवत नव्हता. सर तर आनंदाने म्हणाले, “घाला घाला, व्हिडिओत छान दिसेल.” नारळ ठेवला गेला. बाबल्याने गाऱ्हाणे घातले : “बा देवा महाराजा, आज ह्या दोन वाड्यांची माणसं आणि ही शिकलेली पोरं तुझ्या पायाशी एकवट झालीत. आज हितं जो कागद होईल, तो दोन्ही वाड्यांनी खरा करून पाळायचा. जो मोडील, त्याला तू बघून घे, महाराजा.” आणि जमलेल्यांनी, रिवाजाप्रमाणे, एका सुरात म्हटले : व्हय महाराजा.

८) नाटकात तलवार लाकडाची असते, म्हणून कुणी मरत नाही. आपल्या विभागाने तलवार खरी आणली आणि वर ती छान दिसते म्हणून फोटो काढला. गाऱ्हाणे घालून झालेली गोष्ट सरावाची राहत नाही. त्यानंतर मी कलम ४ खाली सही केली. बाबल्याने सही केली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तीन पंचवीसला तह संपन्न झाला. दुसऱ्या दिवशी उतारवाडीचा पंधरवडा सुरू होणार होता. तो झाला नाही.

९) माझी थोरली वहिनी श्रीमती हौसा भाटकर (वय ६८, विधवा) ही उतारवाडीत मासळी सुकवणारी आता एकटीच उरली आहे. बाकीची घरे ताजी मासळी बर्फाच्या गाडीवर घालून मोकळी होतात. म्हणजे ज्या दिवशी उतारवाडीने खळे सोडले, त्या दिवशी उतारवाडीच्या सात प्रतिनिधींपैकी एकाच्याही घरातली टोपली हलणार नव्हती. परक्याच्या टोपलीवर उदार होणे फार सोपे असते. मी अनुभवाने सांगतो. वहिनी त्या दिवसापासून खळ्यावर पाय ठेवत नाही. तिला कुणी अडवलेले नाही. मी म्हटले, वहिनी, तू जा, कोण काय बोलतो ते मी बघतो. ती म्हणाली, “भावोजी, माणूस बोलला असता तर मी चार सुनावून आले असते. तुम्ही देवाला मध्ये घातलंत.”

ती आता ओली मासळी डोक्यावर घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, चढते, कातळावर पसरते, आणि कावळ्यांना काठीने हाकत दिवसभर तिथेच बसते. सडा उंच आहे, वाट दगडांची आहे, कातळ दुपारी असा तापतो की जवळा वाळण्याऐवजी भाजतो. इकडे खळ्यावर उतारवाडीच्या पंधरवड्यात बाबल्याच्या पुतण्यांच्या दोन मोटारसायकली उभ्या असतात आणि एक कुत्रा झोपतो. बंदरवाडीला आपल्याच पाळीला पुरेल एवढी मासळी आजकाल मिळत नाही, तर ती दुसऱ्याची पाळी घेऊन करणार काय.

१०) मी बाबल्याकडे गेलो. त्याने मला चहा दिला आणि सर्वाधिक प्राधान्याच्या राष्ट्राचा दर्जा म्हणून वर बुडवायला बटर दिले. तो म्हणाला, “गंगाराम, मला खळ्याची हाव नाय. आज सोडतो. पण नारळ ठेवून बोललेलं मी एकट्यानं कसं मोडू? जेवढ्यांनी व्हय म्हटलनी, तेवढे सहाणेवर आण. उलट गाऱ्हाणं घालूया, सगळ्यांनी व्हय म्हणायचं, झाला विषय.” हाव नाही म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी कुठल्या रकान्यात घालावे हे मला कळले नाही. पण रिवाज तो खरा सांगत होता. मोडायचे तर बांधणारे सगळे हजर पाहिजेत, एकही कमी चालत नाही.

११) म्हणून मी सरांकडे आलो. पहिल्या भेटीत त्यांनी मला बसवून घेतले व समजावले की, हा आता आमच्या गावचा अंतर्गत प्रश्न झाला असून अंतर्गत बाबीत हस्तक्षेप न करणे हे त्यांच्या विषयाचे पहिले तत्त्व आहे. मी म्हटले, सर, हे तत्त्व बसमध्ये बसण्याआधी आठवले असते तर डिझेलही वाचले असते. दुसऱ्या भेटीत ते उभ्याउभ्याच बोलले. म्हणाले, “काका, आमच्या अहवालात तो वाद मिटलेला आहे. मिटलेला वाद मी पुन्हा उघडू कसा?” तिसऱ्या भेटीत सर एका परिषदेला गेले होते. परिषदेत त्यांनी शेवरखोलच्या तहावर निबंध वाचला, ‘तळपातळीवरील शांतता : एक यशस्वी प्रारूप’. त्याला उत्कृष्ट निबंधाचे प्रशस्तिपत्र मिळाल्याचे सूचनाफलकावर वाचले. अभिनंदन.

१२) आता आपल्याच कार्यालयाचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवतो. पहिला कागद मे महिन्याच्या गुणपत्रिकेचा. त्यात बावीसही विद्यार्थ्यांना सरसकट ५० पैकी २१ गुण असून शेरा असा : ‘सराव कृत्रिम, प्रत्यक्ष परिणाम शून्य.’ दुसरा कागद जुलै महिन्याच्या स्वयंमूल्यमापन अहवालाचा, पान ६१ : ‘विभागाने दोन किनारी समुदायांतील प्रत्यक्ष वाद कायमस्वरूपी मिटवला.’ एकच तह, एकच दुपार, सही करणारा एकच डॉक्टर. मुलांना गुण देताना तो खोटा होता, महाविद्यालयाला श्रेणी घेताना खरा झाला. बंदरावर मी असा माल एकदाच पाहिला होता, जो चढताना साखर होता आणि उतरताना सिमेंट. तेव्हा निदान चौकशी तरी झाली.

१३) ऋतिका म्हणते की, बाबा, यात नवीन काही नाही, पहिल्याच सत्रात आम्हाला शिकवलं होतं, जो नकाशा घेऊन येतो त्याने पुढे केलेल्या कागदावर लगेच सही करायची नाही. मी विचारले, मग त्या दिवशी बोलली का नाहीस? म्हणाली, परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं. चार सत्रांच्या या पदव्युत्तर शिक्षणातून काय निष्पन्न होते याचा यापेक्षा नेमका खुलासा मला कुणी दिलेला नाही. तिला दोष देत नाही. तिचे व्हय तर माझ्या खुर्चीमागूनच आले होते.

१४) आता मुख्य अडचण, जिच्यामुळे माझ्या आधीच्या दोन अर्जांना उत्तर मिळाले नसावे असा माझा नम्र अंदाज आहे. प्रात्यक्षिकाची चित्रफीत महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. तिच्यात ४ मिनिटे ११ सेकंदांवर, पहिल्या रांगेत, पांढरा सफारी, कपाळाला गंध, हात जोडलेले, असे एक प्रमुख पाहुणे व्हय महाराजा म्हणताना स्पष्ट दिसतात. ते आपण आहात. आवाज आपला इतरांपेक्षा थोडा मागून येतो, पण येतो. मी ती फीत अकरा वेळा पाहून ओठ हललेली माणसे मोजली आहेत. विद्यार्थी २२, डॉ. नागवेकर १, आपण १, बसचा ड्रायव्हर १, व्हिडिओवाला १, बंदरवाडीचे ८, उतारवाडीचे माझ्यासह ७. एकूण ४१. ड्रायव्हर सर्वांत मोठ्याने म्हणाला आणि तो यायलाही तयार आहे. म्हणाला, “देवाचं काम असंल तर गाडी मी काढतो, साहेबांना तेवढं सांगा.” स्वरूप नावाचा विद्यार्थी भाग १ नंतर शिक्षण सोडून पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गेला आहे. त्याच्यावर गावकीत दोन तास चर्चा होऊन असे ठरले की, मोबाईलवरचे व्हय चालेल, मात्र स्पीकर चालू ठेवावा आणि फोन नारळाच्या शेजारी ठेवावा. गावकी एवढी पुढे आली आहे. महाविद्यालयाने एक बस पुढे आणावी.

१५) दसरा यंदा गुरुवार, दि. २ ऑक्टोबर रोजी आहे. त्या संध्याकाळी सोने लुटण्यासाठी गावकी सहाणेवर जमते. त्यानंतर सहाणेवर ती थेट शिमग्याला जमेल. पाऊस ओसरला की जवळा येतो, आणि सुकवणीचे दिवस दसरा ते शिमगा हेच मुख्य. म्हणजे हा दसरा चुकला तर वहिनीचा हंगाम गेला, आणि अडुसष्टाव्या वर्षी सड्यावर चढणारीला पुढचा हंगाम मोजून देण्याचा अधिकार ना गावकीला आहे ना आपल्या विभागाला. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असल्याने सरांचा एकही तास बुडणार नाही. तशी त्यांना चिंता असेल असे नाही, तरी नोंद असावी.

१६) तरी माझ्या मागण्या येणेप्रमाणे.

(अ) डॉ. नागवेकर, एकवीस विद्यार्थी, ड्रायव्हर व व्हिडिओवाला यांना दि. २ ऑक्टोबर रोजी सायंकाळी पाच वाजता शेवरखोल सहाणेवर हजर राहण्याचे लेखी आदेश द्यावेत, स्वरूपला फोनजवळ राहण्यास कळवावे, आणि आपण स्वतः यावे. सफारीच पाहिजे असे नाही.

(ब) वरील दोनपैकी एक कागद दुरुस्त करावा. तह खरा असेल तर मुलांना ५० पैकी ५० द्यावेत. खोटा असेल तर पान ६१ काढावे. दोन्ही ठेवायचे असतील तर शेवरखोलचा संघर्ष ज्यांनी शोधून काढला, त्यांनी या दोन कागदांमधला संघर्षही आता आपल्या विभागात मिटवावा.

(क) उलट गाऱ्हाण्याला सर ‘व्हिडिओत छान दिसेल’ म्हणून नव्हे, तर व्हय म्हणण्यासाठी येत आहेत, हे त्यांना आधी समजावून सांगावे. नाहीतर नवीन शोधनिबंध होईल आणि वहिनीला कुठल्यातरी वेगळ्या डोंगरावर चढावे लागेल.

(ड) यापुढील प्रात्यक्षिकांसाठी आमची गावे न घेता दूरची राष्ट्रे घ्यावीत. त्यांच्याकडे सैन्य असते, ती स्वतःचे बघून घेतात.

१७) आदेश न निघाल्यास मी त्याच दिवशी सहाणेवर ही चित्रफीत मोठ्या पडद्यावर लावून, ज्यांनी व्हय म्हटले आणि आले नाहीत त्यांची नावे एकेक करून देवापुढे वाचणार आहे. ही धमकी नाही. गाऱ्हाण्यात गैरहजरांची नावे घेणे हाही रिवाजच आहे. गावातली माणसे त्याला पुष्कळ घाबरतात. शिकलेल्या माणसांवर त्याचा काय परिणाम होतो, याचा क्षेत्रीय अभ्यास व्हायचा आहे.

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
गंगाराम विठू भाटकर
उतारवाडी, शेवरखोल
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत : १) तहाची छायाप्रत, कलम ४ ला लाल शाईने खूण. २) गुणपत्रिका व अहवालाचे पान ६१, एकमेकांस टाचलेले. ३) ४१ जणांच्या नावांची यादी. ४) माझ्या हातची टॅली शीट, दि. १९ जानेवारी ते ३१ मे, जिचा गोषवारा खाली देत आहे :

डॉ. नागवेकर, व्हय म्हणाले : मिळाले श्रेयांक, रकाना, निबंध, पुरवणी, फोटो, आणि आता प्रशस्तिपत्र. भरले काही नाही.
महाविद्यालय, प्राचार्यांमार्फत व्हय म्हणाले : वरची श्रेणी. भरले काही नाही.
बावीस विद्यार्थी, व्हय म्हणाले : सर्व उत्तीर्ण. भरले काही नाही.
ड्रायव्हर व व्हिडिओवाला, व्हय म्हणाले : चहा, बटाटावडा. भरले काही नाही.
बंदरवाडीचे आठ, व्हय म्हणाले : दोन मोटारसायकलींना जागा. भरले काही नाही.
उतारवाडीचे सात, मी धरून, व्हय म्हणाले : टाळ्या. भरले काही नाही.
हौसा भाटकर : ओल्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन सड्यावर चढ, एकूण २१२ वेळा. फितीत ती शेवटी, कडेला, खांबाशी उभी आहे. मी तिच्या तोंडाकडे अकराही वेळा नीट पाहिले. ओठ मिटलेले आहेत.